तलवार पुसली तरी दर पावसाळ्यात परत गंज यायलाय? आधी म्यान बघा

मंडळी, हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की एकदाच सगळं लिहून ठेवतो. प्रश्न असा असतो: घरात पणजोबांच्या काळातली तलवार आहे, दरवर्षी खंडेनवमीला म्यानातून काढतो, गंज घासतो, तेल लावतो, पूजा करतो, परत म्यानात घालून भिंतीला अडकवतो नाहीतर माळ्यावर ठेवतो, आणि पुढच्या वर्षी काढली की परत तसाच तांबडा गंज, तोही बहुतेक वेळा त्याच जागी. सगळं व्यवस्थित करायलोय, मग हा येतोय कुठनं?

म्यानातनं येतोय. पातं तुम्ही दरवर्षी साफ करताय पण म्यान आतनं कधीच कुणी साफ केलेलं नसतं, आणि वर्षाचे बारा महिने पातं त्याच्याच पोटात असतं. म्यान हे तलवार कमरेला लावून नेण्यासाठी केलेलं असतंय, ज्या काळात ती रोज बाहेर निघत होती, पुसली जात होती, त्या काळात ते ठीक होतं. वर्षभर बंद करून ठेवायची पेटी म्हणून ते कधीच केलेलं नव्हतं. त्यामुळं तेल कुठलं लावायचं, पॉलिश कुठलं, हे प्रश्न नंतरचे. पहिली गोष्ट म्हणजे पातं आणि म्यान वेगवेगळं ठेवायचं. निम्म्याहून जास्त तलवारींचा त्रास एवढ्यावरच थांबतो.

आता हे असं का होतं ते बघू, कारण कारण कळल्याशिवाय घरातली मोठी माणसं ऐकत नाहीत. म्यान म्हणजे लाकडाच्या दोन पातळ फळ्या, आतनं पात्याच्या आकाराच्या कोरलेल्या, एकमेकींना चिकटवलेल्या आणि वरनं कातडं नाहीतर मखमल. लाकूड आणि कातडं हवेतली ओल शोषून घेतं आणि सावकाश सोडतं. आपल्याकडं बेळगाव भागात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा कशी असते सांगायला नको, खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं तर (मलप्रभा उगम पावते तो सगळा भाग) आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. हवेतला दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर गेला की उघड्या लोखंडावर गंज धरायला लागतो, आणि बुरशीही साधारण तिथनंच पुढं वाढते. म्यान चार महिने ती ओल पिऊन बसतं. बाहेर ऑक्टोबरचं ऊन पडलं तरी आतली हवा ओलीच राहते कारण तोंड मुठीच्या परजेनं (मुठीला पात्याच्या मुळाशी आडवी पट्टी असते ती) बंद असतंय. म्हणजे तुमची तलवार दिवाळीतसुद्धा पावसाळ्यातच असते.

त्यात भर म्हणजे कातडं कमावताना वापरलेले क्षार आणि आम्लं, बऱ्याच लाकडांतून सुटणारी आम्लाची वाफ, आणि दरवर्षी आत गेलेलं तेल, हळद, कुंकू, धूळ. जांबोटीच्या बाजूला एका वाड्यात म्यान उपडं करून ठोकलं तर पांढऱ्या कागदावर तांबड्या गंजाची भुकटी, वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्यांचा चुरा आणि काळ्या चिकट गोळ्या पडल्या, त्या गोळ्या म्हणजे जुनं शेंगतेल आणि कुंकू एकत्र घट्ट झालेलं. लांब तारेला सुती कापड गुंडाळून आत फिरवलं तर कापड बाहेर आलं ते तपकिरी होऊन, आणि त्याला खवट वास. असल्या म्यानात कसलंही पातं घाला, ते गंजणारच.

गंज कुठं आलाय त्यावरनं कारण बऱ्यापैकी कळतं, म्हणून पुसायच्या आधी फोटो काढा. टोकाकडच्या तीन-चार बोटांतच जास्त गंज असेल तर तलवार उभी टांगलेली असते, म्यानाच्या तळाशी धातूची टोपी असते आणि वरनं उतरलेलं तेल, पाणी, कचरा सगळं तिथं साचतंय. भिंतीकडच्या बाजूला जास्त असेल तर भिंत ओली आहे, आपल्या जुन्या मातीच्या आणि चिऱ्याच्या घरांत पश्चिमेकडची भिंत पावसाळाभर ओल धरून असते आणि नेमकी शोभेची जागा तीच निवडलेली असते. मधेच एखाद्या जागी बोटाच्या आकाराचे ठसे दिसत असतील तर ते बोटांचेच आहेत, घामात मीठ असतं, दसऱ्याला पाहुण्यापोरांनी हातात घेऊन फोटो काढलेले असतात, आणि त्या मिठाचा ठसा वर्षभरात पात्यात उतरतो. मुठीजवळ, परजेच्या खाली गंज असेल तर पाण्यानं धुताना पाणी मुठीत शिरलंय. आणि साफ केल्यावर दोन-चार दिवसांतच सगळ्या पात्यावर बारीक केशरी धूळ आली तर बहुतेक कुणीतरी लिंबू, चिंच नाहीतर बाथरूमचं ॲसिड लावलंय आणि ते पात्याच्या छिद्रांत राहिलंय.

एक वेगळी केस म्हणजे म्यान नवीन करून घेतलं आणि त्याच वर्षापासून गंज वाढला. हे हल्ली फार होतंय. जुनं म्यान मोडलं म्हणून बाजारातनं करून घेतात, आत प्लायवुड, पांढरा गोंद, वरनं रेक्झीन नाहीतर लाल मखमल. प्लायवुडच्या चिकटवणातून आणि पांढऱ्या गोंदातून बराच काळ आम्लाची वाफ सुटत राहते, आणि रेक्झीनमधनं हवा जात नाही. असलं म्यान मिरवणुकीपुरतं वापरा, पूजेला समोर ठेवा, पण त्यात पातं ठेवू नका. आणि जुनं मोडकं म्यान टाकून देऊ नका, त्याचं लाकूड, शिलाई, मखमलीखालचं कातडं, टोकाची टोपी ह्या सगळ्यावरनं तलवारीचा काळ आणि घराणं ओळखायला मदत होते, ते फेकलं की निम्मा इतिहास गेला.

आता साफसफाई. सगळ्यात आधी जे करायचं नाही ते सांगतो कारण गंजापेक्षा जास्त नुकसान तिथं होतंय. उद्यमबागेत (बेळगावची कारखान्यांची वसाहत) नेऊन बफिंग किंवा ग्राइंडिंग करून आणू नका. काम छान होतं, पातं आरशासारखं होतं, आणि त्यावरची जौहर कायमची जाते. जौहर म्हणजे पोलादाच्या पात्यावर जी पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते ती, ती नक्षी मुशीत वितळवून केलेल्या पोलादाच्या घडणीतच असते पण दिसते ती वरच्या पृष्ठभागावर, म्हणून चाकावर धरली की संपली, परत आणायला जाणकार माणूस लागतो आणि तेव्हाही पात्याचा थर कमीच होतो. फिरंग असेल तर अजूनच जपा, फिरंगचं पातं बऱ्याचदा युरोपातनं आलेलं असतं, त्याच्या नाळीत (पात्यावर लांब खोबण असते ती) कारागिराचे शिक्के, अक्षरं असतात, ती अगदी उथळ असतात, पॉलिश पेपरच्या दोन हातांत पुसून जातात. धार लावू नका. वाळूचा ब्लास्ट, बॅटरी लावून पाण्यात बुडवायचा व्हिडिओ बघून केलेला प्रयोग, कोल्ड्रिंकमध्ये भिजवणं, काही नको.

मुठीवर सोन्या-चांदीची कोफ्तगिरी असेल, म्हणजे लोखंडावर बारीक आडव्या-उभ्या रेघा ओढून त्यात सोन्याचांदीची तार ठोकून बसवलेली असते, तर तिथं घासायचंच नाही. त्या तारा फक्त त्या बारीक रेघांना धरून असतात, खाली गंज फुगला की उचकटतात, आणि ब्रश मारला की सोनं ब्रशबरोबर जातं. तिथं फक्त मऊ केसांच्या कोरड्या ब्रशनं धूळ झाडायची, एवढंच.

आणि हे मुद्दाम सांगतो कारण कुणाला माहीत नसतं: आपल्या तलवारींची मूठ पात्याला बहुतेक वेळा लाखेनं बसवलेली असते. पात्याची शेपटी मुठीच्या पोकळीत घालून गरम लाख ओतलेली असते. लाख उष्णतेनं मऊ होते आणि स्पिरीटमध्ये विरघळते. म्हणून तलवार उन्हात वाळवायची नाही, शेगडीजवळ नाही, उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत तर अजिबात नाही, आणि सॅनिटायझर, स्पिरीट, थिनर मुठीच्या जवळ न्यायचं नाही. मूठ हालायला लागली असेल तर इपॉक्सी ओतू नका, स्क्रू मारू नका. पातं आणि मूठ दोन्हीला आधार देऊन आडवी ठेवा आणि जाणकाराला दाखवा, लाखेचं काम लाखेनंच परत करता येतं, इपॉक्सीचं काम कुणालाच उलटं करता येत नाही.

आता करायचं काय. पहिलं म्हणजे तो गंजच आहे का ते बघा. खूप घरांत पात्यावर जो तपकिरी थर असतो तो गंज नसतोच, ते वाळलेलं तेल असतं. शेंगतेल, करडईचं तेल, जवसाचं तेल, ही हवेत राहिली की चिकट होतात, मग कडक होऊन पिवळ्या-तपकिरी वार्निशसारखी बसतात, आणि माणसं त्याला गंज समजून पॉलिश पेपर घेतात. सुती कापडाला थोडं टर्पेंटाइन (रंगाच्या दुकानात मिळतं, ते नसेल तर स्वच्छ रॉकेल) लावून चोळा, सुटलं तर तेल होतं. बघता बघता खालचं राखाडी लोखंड दिसायला लागतं, आणि बऱ्याच वेळा गंज फक्त चार ठिपकेच निघतो.

जे उरलं त्यावर शिवणमशीनच्या तेलाचे दोन थेंब टाका, थोडा वेळ जाऊ द्या आणि पांढऱ्या कापडानं पुसा. कापडाला केशरी-तांबडा रंग लागला तर तो जिवंत गंज आहे, काढायला पाहिजे. रंग लागला नाही, डाग काळपट, गुळगुळीत, घट्ट बसलेला असेल तर तो जुना थिरावलेला थर आहे, त्याला हात लावू नका, उलट तो खालच्या लोखंडाचं थोडंफार रक्षण करतोय, आणि जुन्या शस्त्राचा तोच खरा रंग आहे. तलवार चकाकलीच पाहिजे हा हट्ट सोडायला लागेल, त्या हट्टापायी मी चांगली चांगली पाती पत्र्यासारखी पातळ झालेली बघितलीत आणि ते बघून फार वाईट वाटतं.

जिवंत गंज काढायला बांबूची कामटी तासून चपटी करा. तेल लावून गंज भिजू द्यायचा, रात्रभर राहू दे, मग कामटीनं हळू हळू खरवडायचं, कापडानं पुसायचं, परत तेल. कंटाळवाणं काम आहे, एका बैठकीत होत नाही, पण बांबू लोखंडापेक्षा मऊ असल्यामुळं पात्याला ओरखडा येत नाही. पातं टेबलावर जाड कापडावर आडवं ठेवून, धार तुमच्यापासून पलीकडं करून, मुठीकडनं टोकाकडं एकाच दिशेनं पुसायचं, कापड धारेवरनं गुंडाळून ओढायचं नाही, जुनी धारसुद्धा बोट कापते. हातात मोजे पाहिजेत, नायट्राइलचे पातळ मोजे सगळ्यात बरे. कोरड्या दिवशीसुद्धा पात्यावर घामासारखे पिवळट थेंब उमटत असतील तर आत मीठ बसलंय, ते घरी होणारं काम नाही, तिथं थांबा.

तेलाबद्दल सगळ्यात जास्त वाद होतो. खोबरेल नको, ते खवट होतं, खवट झालं की आम्ल तयार होतं, आणि आपल्या बेळगावच्या थंडीत ते गोठून पांढरं होतं, म्हणजे कुठं जाड कुठं काहीच नाही. शेंगतेलाचं वर सांगितलं. शेतातल्या अवजारांना लावतात ते जळकं ऑइल तर नकोच नको, इंजिनमधनं निघालेल्या तेलात आम्लं, पाणी, काजळी सगळं असतं. गंज सोडवायचे स्प्रे मिळतात ते पाणी काढायला आणि अडकलेलं सोडवायला चांगले, पण त्यातला बराच भाग उडून जातो, वर्षभर टिकणारा थर राहत नाही. पाहिजे ते खनिज तेल, शिवणमशीनचं साधं पांढरं तेल पुरतं, अगदी पातळ, इतकं की पुसल्यावर बोटाला ओलं लागायला नको. जास्त तेल म्हणजे जास्त रक्षण असं नाही, जास्त तेल धूळ धरतं. तेल दर तीन-चार महिन्यांनी बदलायला लागतं. वर्षातनं एकदाच उघडणार असाल तर तेलाऐवजी मेण बरं, सूक्ष्मस्फटिकी मेण म्हणून येतं, रेनेसाँ वॅक्स या नावाचं जे मिळतं ते ब्रिटिश म्युझियममध्ये १९५० च्या दशकात अशाच कामासाठी तयार केलेलं, ऑनलाइन मिळतं, महाग आहे पण एक छोटी डबी खूप वर्षं जाते. टर्पेंटाइननं पातं पूर्ण तेलमुक्त करून पातळ हात द्यायचा आणि मऊ कापडानं चोळायचं.

आता ठेवायचं कसं. पात्याला आणि म्यानाला वेगवेगळी हवा लागते हे खरं दुखणं आहे. लोखंडाला जितकी कोरडी तितकी चांगली, ४० टक्क्यांच्या खाली असली तर उत्तम. कातडं आणि लाकूड मात्र एवढ्या कोरड्यात आक्रसतं, तडकतं, त्यांना ५० टक्क्यांच्या आसपासची हवा बरी. एकाच पेटीत दोघांना खूष ठेवता येत नाही, म्हणून वेगळे करा. जपानमध्ये हे फार आधीपासून करतात, पातं साध्या, बिनरंगाच्या लाकडी म्यानात ठेवायचं, आणि नक्षीदार म्यानात पात्याच्या आकाराची लाकडी पट्टी घालून ते बाजूला ठेवायचं. दुसरी गोष्ट आपल्यालाही करता येते. म्यान रिकामं राहिलं की लाकूड वाकतं, तोंड मिटतं, आणि मग दसऱ्याला तलवार आत जात नाही म्हणून घरचे म्हणतात बघा तुझं ऐकलं. म्यानात सैल बसेल अशी वाळलेल्या साध्या लाकडाची पातळ पट्टी, स्वच्छ सुती कापडात गुंडाळून, तोंडापर्यंत घालून ठेवा.

पात्यासाठी झाकण घट्ट बसणारा लांब प्लास्टिकचा डबा, खाली पीपी लिहिलेला बघून घ्या, पीव्हीसी नको. पातं मांजरपाटात गुंडाळायचं, पण कोऱ्या कापडाला खळ असते, ती ओल धरते, म्हणून दोन-तीनदा गरम पाण्यात, साबण न लावता धुवून, कडकडीत वाळवून मग. उद्यमबागेतल्या कारखान्यांत मशीनिंग केलेले लोखंडी पार्ट ज्या पिवळट कागदात गुंडाळून पाठवतात तो व्हीसीआय कागद मिळाला तर उत्तम, त्यातनं सुटणारी वाफ लोखंडावर थर धरते. फक्त पात्यापुरताच गुंडाळा, मूठ पितळेची किंवा चांदीची असेल तर तिला लावू नका. वर्तमानपत्र नको, शाई आणि कागद दोन्ही आम्लाचे. साधी प्लास्टिकची पिशवी गुंडाळून बांधून ठेवली तर आत घाम सुटतो. रबरबँड नको, त्यातल्या गंधकानं चांदी काळी पडते.

डब्यात सिलिका जेल. केशरी रंगाचं घ्या, ओल शोषली की हिरवं पडतं, मग जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर, खिडकी उघडी ठेवून, परत केशरी होईपर्यंत तापवायचं (निळ्या रंगाचं असतं त्यात कोबाल्ट असतं, ते घरात तापवू नका). गार करून परत डब्यात. बुटाच्या खोक्यात येणाऱ्या दोन पुड्या टाकून काही होत नाही, एका तलवारीच्या डब्याला निदान पावशेर तरी पाहिजे. आणि एक छोटा हायग्रोमीटर (हवेतला दमटपणा मोजतो तो) आत टाका, दोन-चारशे रुपयांत मिळतो, मग अंदाजानं काही करायला लागत नाही. जूनच्या पहिल्या पावसाआधी जेल तापवून डबा बंद केला आणि दर महिन्याला फक्त बाहेरनं आकडा बघितला तरी पावसाळा निघतो. डबा आडवा, आतल्या भिंतीकडच्या लोखंडी कपाटात, जमिनीपासनं वर. डांबरगोळ्या, कापूर, कडुलिंबाचा पाला आत नको, ओला पाला तर पाणीच घेऊन येतो.

दांडपट्टा असेल तर एक जादा गोष्ट. पट्ट्याला म्यान नसतंच बहुतेक घरांत, पण हात घालायचा जो लोखंडी खोबळा असतो त्याच्या आतलं कापड किंवा गादी कुणी बघत नाही. टॉर्च लावून बघा. मी बघितलेल्या एका पट्ट्यात बाहेरनं वाघाच्या तोंडाचं काम नीट शाबूत, आणि आत गादीखाली पत्रा पापुद्र्यासारखा सुटत होता, बोटानं टेकलं तर चुरा. जुनी गादी फाडून काढू नका, ती पण जुनी आहे, पण खोबळ्याचं तोंड खाली करून ठेवा, आत कोरडी हवा लागेल असं, आणि डबा शक्य नसेल तर निदान सिलिकाची सुती पुरचुंडी आत टाका.

म्यानाची दुखणी वेगळी. पांढरी बुरशी आली असेल तर घराबाहेर सावलीत, तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशनं झाडा, पाण्यानं पुसू नका, उन्हात टाकू नका. मखमल धुवायची नाही, खालचा गोंद आणि रंग दोन्ही जातात. कातडं तांबूस भुकटी होऊन हाताला लागत असेल तर ते आतनंच कुजलंय, त्यावर बूटपॉलिश, तेल, एरंडेल काही लावू नका, काळं पडतं आणि अजून मऊ होतं. अथणी-निपाणीकडं कोल्हापुरी चपलांचं कातडं झाडाच्या सालीनं, हिरड्यानं कमावतात, तिथले जुने कारागीर कातडं हातात धरूनच बरंच सांगतात, शिलाई उसवली असेल तर त्यांचा सल्ला घ्या, पण नवीन कातडं चढवून द्या म्हणू नका. पितळेची टोपी कातड्याला टेकते तिथं हिरवं मेणासारखं काही येतं, कातड्यातली चरबी आणि तांबं मिळून ते होतं, लाकडी काडीनं खरवडून टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पुसलं की झालं.

चिकोडी, रायबाग, अथणी, गोकाककडच्या मंडळींचं दुखणं बऱ्याचदा उलटं असतं. तिकडं पाऊस कमी, उन्हाळा कडक, पात्याला फारसा गंज नसतो पण एप्रिल-मे मध्ये म्यानाला उभी चीर जाते, जोड सुटतो. तुम्ही म्यान पत्र्याखालच्या माळ्यावरनं उतरवा, एवढंच, घरातली सगळ्यात गार खोली द्या. सिलिका जेल म्यानाच्या डब्यात घालू नका.

तुमच्याच बाजूला नदीकाठच्या गावांत २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेला पूर आला तेव्हा किती घरांतली शस्त्रं गाळात भिजली. असं परत झालं तर थांबू नका, त्याच दिवशी पातं बाहेर काढा, स्वच्छ पाण्यानं गाळ घालवा, शेवटचं पाणी बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर, लगेच कापडानं टिपा, पंख्याखाली वाळवा, तेल लावा. म्यान मात्र सावकाश वाळू द्या, दोन फळ्या वाकू नयेत म्हणून सुती पट्टीनं हलकं बांधून, सावलीत, आठवडा लागला तरी चालेल.

तलवार म्यानात अडकली असेल तर ओढाताण नको, हातोडी नको. पावसाळ्यात लाकूड फुगून धरतं, कोरड्या खोलीत ठेवून थांबलं की बऱ्याचदा आपोआप ढिली होते. ओढताना म्यान धारेच्या बाजूनं मुठीत कधीही पकडू नका. जुनी शिलाई कुजलेली असते, पातं म्यान फाडून बाहेर येतं आणि बोटं जातात. पाठीच्या बाजूनं, तोंडाजवळ, चार बोटांनी धरायचं, आणि समोर कुणी उभं राहू नये.

आता पूजेचं. पूजा बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही, आपल्याकडं खंडेनवमी आणि कन्नड शेजाऱ्यांची आयुधपूजा एकाच दिवशी असते, त्या दिवशी शस्त्र देवासमोर आलंच पाहिजे. पण हळद-कुंकू ओलं करून पात्यावर लावणं, नारळाचं पाणी, पंचामृत, लिंबू टोचणं, यातलं प्रत्येक लोखंडाला खातं. पाटावर धुतलं वस्त्र, त्यावर तलवार, गंधफूल विड्याच्या पानावर पात्याला टेकून ठेवायचं, अक्षता कोरड्या. घरातल्या आजी नाही म्हणाल्या तर मुठीच्या मोगऱ्याला (मुठीच्या टोकाचा भाग) एक बोट कोरडं कुंकू, आणि संध्याकाळी ते पुसून घ्यायचं. मुख्य म्हणजे दुसऱ्या दिवशी सोनं वाटून आल्यावर तसंच म्यानात सरकवू नका, टर्पेंटाइनचा हात, मग तेल, मग डबा.

जे घरी जमणार नाही, म्हणजे सुटलेली कोफ्तगिरी, घामासारखे थेंब, हालणारी मूठ, भुकटी होणारं कातडं, त्यासाठी बेंगळुरूला इन्टॅकची (जुना वारसा जपणारी संस्था) संवर्धन संस्था आहे, मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे. आधी चांगल्या उजेडात काढलेले फोटो पाठवून विचारा. तलवार घेऊन तसंच गाडीत बसू नका. आर्म्स ॲक्ट १९५९ खालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची शस्त्रं येतात, परवाना कुठं लागतो ते त्या त्या भागाच्या अधिसूचनेवर ठरतं, आणि कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर सणासुदीला, निवडणुकीत गाड्या तपासतात, राज्य ओलांडलं की ठाणंही बदलतं. आपल्या पोलीस ठाण्यात आधी जाऊन लेखी विचारा, फोटो आणि माप देऊन, आणि त्याची पोच जवळ ठेवा. १०० वर्षांवरची असेल तर ती १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू आहे, पुरावस्तू विकायचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, आणि देशाबाहेर तर नाहीच. पॅक करताना मूठ आणि पातं दोन्हीला खाली फोमचा आधार, म्यान वेगळं गुंडाळलेलं, आणि डबा गाडीत आडवा, सीटवर, डिकीत नाही.